ओढ्यावरचा पूल आणि माझी सरपंचकी

आमच्याकडं माणसं गुळाच्या काईलीत बसून ओढा ओलांडतात, असं मी पुण्याच्या पाहुण्यांना सांगितलं की त्यांना वाटतं, म्हातारी फेकते. फेकते मी पुष्कळ, पण यात नाही. गुऱ्हाळावर ज्या मोठ्या लोखंडी कढईत उसाचा रस उकळतो, ती काईल. गुऱ्हाळं बंद पडली, काईल उरली. पाण्यात सोडली की ती तरंगते. आत दोघांनी उकिडवं बसायचं आणि पोहणाऱ्या गड्यानं कड धरून ढकलत न्यायचं. मधे उभं राहायचं नाही, शिंकायचं नाही, आणि काठावरच्या कुणी चेष्टा केली तर हसायचंही नाही.

असल्या दुष्काळी जिल्ह्यात ओढ्याला एवढं पाणी कुठलं, असं कुणीही विचारील. ते सरकारनं आणलं. हा ओढा पुढं तेरणेला मिळतो, त्याच्या थोडं अलीकडं बंधारा बांधला. कुठं बांधायचा यावर दोन वर्षं ओढाताण चालली आणि ज्याचा जोर होता त्याच्या मळ्यापाशी बांधला गेला. त्याच्या उसाला पाणी झालं आणि आमच्या वाटेत तळं झालं. पूर्वी पूर यायचा तो चार तासांत उतरायचा. गाडीवाले काठावर बिडी ओढत बसायचे आणि बिडी संपली की बैल हाकायचे. आता आषाढात चढलेलं पाणी संक्रांतीपर्यंत जागचं हलत नाही. ज्या दगडी फरशीवरून आमची वरात आली होती ती फरशी त्या पाण्याच्या तळाशी आहे.

ओढ्यापलीकडं नऊ घरांची वस्ती. त्यातलं एक माझ्या थोरल्या जावेचं. वाटणीत थोरल्याला पलीकडची जमीन आली, धाकट्याला म्हणजे आम्हाला गावातलं घर. भाऊ भाऊ वाटणीवरून भांडले. आम्ही जावाजावांनी ते काम त्यांच्याकडंच सोपवलं होतं. मी त्यांना अक्का म्हणते. लग्न होऊन आले तेव्हा मला भाकरी थापता येत नव्हती. माझ्या भाकरीचे नकाशे सासूबाईंच्या नजरेस पडायच्या आत अक्का ते आपल्या ताटाखाली लपवायच्या आणि स्वतः खायच्या. हे ऋण कुठल्या कागदावर नाही.

थोरले दीर गेल्यावर अक्का पलीकडं एकट्या राहिल्या. मुलगा पुण्यात कंपनीत. तो सणाला आला की एकच धोशा लावायचा, "आई, चल. पावसाळ्यात तुला काय झालं तर कोण आणणार अलीकडं?" अक्का म्हणायच्या, "पूल होऊ दे. मग मला काय धाड भरलीय?" शेवटी मायलेकांचं ठरलं. पूल झाला तर अक्का आपल्या घरी राहणार. पाय थकले आणि तोवर पूल झाला नाही, तर मुकाट्यानं पुण्याला जायचं. तेव्हा त्या पुलावरून गावाचा काय विकास व्हायचा असेल तो असो. मला तो अक्कांसाठी हवा होता.

त्याच सुमारास आमच्या गावचं सरपंचपद बायकांसाठी सुटलं. गावच्या कारभाऱ्यांनी माझं नाव काढलं ते मी हुशार म्हणून नव्हे. मी सातवी शिकलेली आणि आमचे मालक स्वभावानं मऊ. "वहिनी सही करत्याल, बाकी आपण हायच की," असं पारावर ठरलं होतं. मला मात्र ते कुणी कळवलं नाही, आणि मी आपली खरीच सरपंच झाले.

त्या वेळची मी आज समोर आली तर आधी मीठ-मोहऱ्यांनी तिची दृष्ट काढीन. एवढा शहाणपणा एका बाईच्या अंगावर उघडा ठेवणं बरं नव्हे. मी उस्मानाबादहून चेनची पर्स आणली आणि तिच्यात ग्रामपंचायतीचा शिक्का घेऊन हिंडू लागले. परातीतल्या पिठावर बोटानं सही गिरवायची, आणि सहीच्या शेवटी असा एक फराटा मारायची की पीठ खाली सांडावं. सासूबाई म्हणाल्या, "सही कर गं बाई, पण ज्वारीच्या पिठावर कर. गव्हाचं सणाला लागंल."

पहिल्या बैठकीला मालक सरळ जाऊन सरपंचाच्या खुर्चीत बसले. मी दारातच थांबले.

"उठा," मी म्हटलं.

"तू बस की तिकडं बायकांत. म्या हाय न्हवं इथं."

"निवडून कोण आलंय?"

ग्रामसेवकांनी फाइलीत तोंड खुपसलं. त्यांचे खांदे हलत होते. मालक उठले बिचारे. घरी आल्यावर दोन दिवस रुसले, तिसऱ्या दिवशी म्हणाले, "खुर्ची तशीबी डगमगती हाय. पडशील." ते बोलणं खुर्चीबद्दल नव्हतं, हे कळायला मला दोन वर्षं लागली.

मी पहिला ठराव पुलाचा घेतला. मग दीड वर्ष बांधकाम खात्यात खेटे घातले. उस्मानाबादला एसटीनं जायचं, म्हणजे आता धाराशिव. नाव बदललं, तोंडाचं वळण अजून बदललं नाही. गेलं की शिपाई सांगायचा, "साहेब साइटवर गेलेत." मी म्हणायची, बरं झालं, कुठंतरी काम चाललंय म्हणायचं. तसं मनापासून वाटायचं मला. बाकावर बसून दशम्या खायची, शिपायालाही एक द्यायची. कधी अंदाजपत्रक, कधी तांत्रिक मंजुरी, कधी जागेचा नकाशा. एकेक कागद मी पुरणाच्या डाळीसारखा निवडून आणला. आणि एके दिवशी खरंच मंजुरी आली. काम सुरू करायचा हुकूम हातात पडला. मी तो घेऊन फराट्याची सही केली, काईलीत बसले आणि अक्कांकडं गेले. त्या दिवशी काईलीत मी हसले. बुडाले नाही, म्हणून मला वाटलं आता काहीच बुडणार नाही.

राहिलं होतं ते भूमिपूजन. इथं मी जी चूक केली ती आमच्याच मुलखातली बाई करू शकते. मला सरकारी काम कधी माहीत नव्हतं, पण लग्न माहीत होतं. घरातली चार लग्नं मी उरकली होती. लग्नात काय असतं? एक मामा रुसतो, एक आत्या रुसते, दोन भावक्यांची तोंडं दोन दिशांना. दोघांनाही बोलवायचं, दोघांनाही फेटा बांधायचा, एका पंगतीला बसवायचं, वाढताना "घ्या की, घ्या की" करायचं. तिसऱ्या वाढपाला माणसं बोलायला लागतात. आमच्या भागात एक आमदार होते आणि एक माजी आमदार. दोघांतून विस्तवही जात नव्हता. मी ठरवलं, दोघांनाही बोलवायचं आणि रुसवा काढायचा.

अक्का ओसरीत शेंगा फोडत होत्या. मी बेत सांगितला.

"दोघांनाबी?" त्यांनी विचारलं.

"व्हय अक्का. मान दोघांचा ठेवायचा. शेजारी शेजारी बसवायचं. एका पंगतीचा घास पोटात गेला की माणूस मऊ होतंय."

"तुझे सोयरे हायत का ते?"

"सोयऱ्यापरास कमी हायत व्हय? पूल द्यायलेत तुमाला."

अक्कांनी एक शेंग फोडली, दाणा किडका निघाला, तो टाकला. "बाई, लग्नातला रुसलेला माणूस जेवला की उठतो. ही माणसं जेवून मग रुसत्यात."

मी हसले. मनात म्हटलं, अक्कांना काय कळतंय यातलं, त्या पडल्या पलीकडच्या. पर्समधला शिक्का चाचपला.

भूमिपूजन झकास झालं. मांडव घातला. शिरा, भजी आणि येसराची, म्हणजे भाजलेल्या मसाल्याच्या पुडीची आमटी, जशी लग्नाला करतो तशी, लाल तवंगाची. काळ्या दगडाची कोनशिला घडवली. दोघांच्या नावांची अक्षरं सारखी असावीत म्हणून कारागिराजवळ बसून सुतळीनं मापून घेतली. दोन नारळ ठेवले आणि एकदमच फोडायला लावले. सगळ्याचा विचार मी केला होता. फक्त फेटा एकाच वेळी दोघांना बांधता येत नाही. बांधणारा एकच होता. मी दस्तुराप्रमाणं गेले. वयानं मोठा त्याचा मान आधी. माजी आमदार वयानं मोठे होते.

आमदारसाहेब हसत उभे होते. त्यांना दुसरा फेटा बांधला तेव्हाही ते हसतच होते. जेवले. आमटी दोनदा मागून घेतली. जाताना गाडीची काच खाली करून म्हणाले, "वहिनी, आमटी फक्कड." मी मालकांकडं बघून भुवया उडवल्या. अक्का बायकांच्या पंगतीत होत्या. त्यांनाही लांबूनच खुणावलं, बघा म्हटलं. त्या पानात बघून जेवत राहिल्या.

तीन आठवड्यांनी कागद आला. पुढील आदेश होईपर्यंत कामास स्थगिती. मला आधी वाटलं, टपाल चुकलं, शेजारच्या गावचं असेल. ग्रामसेवकांनी बोट ठेवून आमच्या गावाचं नाव दाखवलं.

मी येसराचा डबा घेऊन आमदारसाहेबांच्या घरी गेले. व्हरांड्यात सकाळपासून बसले. दुपारी त्यांनी बोलावलं, चहा दिला, डबा आत पाठवला.

"साहेब, काय चुकलं असंल तर पदरात घ्या. पूल तेवढा हूं द्या."

"छे छे, चुकलं कुठं? फेटा लई छान बांधला होता हो त्यांना."

"तुमाला बी तसलाच बांधला की साहेब. एकाच ताग्यातला."

"मला बी. व्हय. नंतर."

मग ते बराच वेळ माझ्या तब्येतीची चौकशी करत होते. उठता उठता म्हणाले, "हुईल की पूल. पळून जातोय का कुठं?"

तिथून माजी आमदारांकडं गेले. ते म्हणाले, "आपलं सरकार येऊ द्या वहिनी." एसटीत बसून येताना मी हिशोब मांडत होते, म्हणजे त्यांचं सरकार यायला किती दिवस आणि अक्कांचे गुडघे किती दिवस. आणि आपण बायका लग्नात एवढं सांभाळतो ते कशाच्या बळावर, हे तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं. लग्नात रुसणाऱ्यालाही मनातून लग्न व्हायला हवं असतं. इथं पुलावाचून या दोघांचं काही अडलेलं नव्हतं. अडलं होतं पलीकडच्यांचं, आणि ते तर फेटे बांधून मिरवायच्या लायकीचे नव्हते.

अक्कांना सांगायला गेले तेव्हा वाटलं, आता त्या "मी म्हटलं नव्हतं का" म्हणतील. त्यांनी ताकाचा तांब्या पुढं केला. म्हणाल्या, "पी. ऊन लई हाय." त्यापेक्षा "म्हटलं नव्हतं का" बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

माझी पाच वर्षं संपली. पुढं सरकार बदललं आणि खरंच माजी आमदारांची माणसं वर आली. पूल पुन्हा मंजूर झाला, पण तो आमच्या जुन्या वाटेवर नाही. बराच खाली, त्यांच्या एका कार्यकर्त्याच्या वीटभट्टीपाशी. तिथं पलीकडं माळाशिवाय काही नाही. मी म्हटलं, असू दे, लांबून का होईना, माणूस चालत येईल. नवी कोनशिला बसली, तिच्यावर एकच नाव, सुतळीची गरज पडली नाही. चार खांब उभे राहिले. मग ते सरकार गेलं, खांबांची चौकशी लागली, ठेकेदार यंत्रं घेऊन गेला. नंतरचे आले ते म्हणाले, खांबांचा नकाशाच चुकला आहे, नवीन अंदाजपत्रक करावं लागेल. ते अजून होतंय. खांबांवर बगळे बसतात. पुलाचा वापर कुणी सुरू केला असेल तर त्यांनी.

पहिली कोनशिला मातीत पडून होती, ती अक्कांनी उचलवून नेली आणि दारात धुण्यासाठी टाकली. एकदा मी गेले तर गोधडी आपटत होत्या.

"अक्का, नावं हायत त्याच्यावर मोठ्या माणसांची!"

"म्हणून तर बघ, एकदा या बाजूला आपटती, एकदा त्या बाजूला. मानपान पाळती तुझा."

आम्ही दोघी इतक्या हसलो की गोधडी चिखलात पडली. त्यानंतर मात्र हसण्यासारखं फारसं घडलं नाही. वस्तीवरची घरं एकेक करून उठली. शाळेला जाणाऱ्या मुली घेऊन एकजण गावात भाड्यानं आला. एकजण भूमला लेकीकडं गेला. दोन घरं पुण्याला. ज्याला पोहता येतं असा एकच गडी राहिला होता, त्याचंही वय झालं, काईल ढकलताना त्याला धाप लागायची आणि आत बसलेलीच त्याला म्हणायची, "दमानं, दमानं."

गेल्या श्रावणात अक्कांना ताप भरला. पाच दिवस त्या पलीकडं अंथरुणात होत्या आणि मला सहाव्या दिवशी कळलं. इकडून हाक मारली तर ऐकू जाईल एवढं अंतर आहे ते. काईलीतून आणलं त्यांना. आत मी त्यांना मांडीशी धरून बसले होते, अंग तव्यासारखं तापलेलं. तालुक्याला नेलं, सलाइन लागलं, वाचल्या. पण मुलगा आला तो रजा काढून, आणि या वेळी त्यानं वाद घातला नाही. एवढंच म्हणाला, "काकू, ठरलं होतं ना आमचं?"

ठरलं तेव्हा मी शेजारीच बसले होते. पुढं सरपंच झाल्यावर पर्स घेऊन मीच म्हटलं होतं, "वर्षाच्या आत पूल, माझा शब्द."

अक्का एकदाच पलीकडं गेल्या, सामान बांधायला. परत आल्या तेव्हा काईलीत दोन गाठोडी आणि त्या. गड्यानं अलीकडं लावली. मी हात दिला. त्या काठावर आल्या आणि मागं न बघता लुगडं झटकत म्हणाल्या, "एवढ्याशा पाण्यासाठी बाई."

गाडीत बसताना मी म्हटलं, "दिवाळीला या अक्का. तवर पुलाचं काम सुरू झालेलं असंल."

हे का म्हटलं, मला माहीत नाही. तोंडातून निघालं. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि गाठोडं मांडीवर ओढून घेतलं.

त्या आता चौथ्या मजल्यावर राहतात. दर रविवारी फोन येतो. सून लावून देते. आधी पाऊसपाणी, मग म्हशीचं, मग ठरलेला प्रश्न, "कामाचं काय?" आणि मी सांगायला लागले. पहिल्यांदा म्हटलं, साहेब पाहणी करून गेले. पुढच्या वेळी म्हटलं, खडी पडली. मग म्हटलं, जुने खांब पाडायचं ठरलंय. हे सगळं मी इतकं सरळ सांगायची की फोन ठेवल्यावर मालक म्हणाले, "तू उभी राहा पुन्हा. आता जमंल तुला." त्यांना हसू येत नव्हतं. मलाही नाही.

एक पाहणी मात्र खरोखर झाली. यंदा पावसाळ्याच्या तोंडाला बांधकाम खात्याचा एक तरुण अभियंता आला, नवा, गोड पोरगा. कुणीतरी माझ्याकडं पाठवलं, जुनी सरपंच म्हणून. तिपाईवरचं यंत्र लावून त्यानं ओढा मोजला. चहा पिताना विचारलं, "आजी, पलीकडं लोकसंख्या किती?"

"नऊ घरं," मी म्हटलं.

पाणी अजून चढलं नव्हतं. तो तसाच चालत पलीकडं गेला. अर्ध्या तासानं परत आला, बुटांचा चिखल दगडाला पुसत.

"आजी, तिथं कुणीच नाही. एक म्हातारे आजोबा आहेत, तेही म्हणाले पुढच्या महिन्यात चाललोय."

"पूल नव्हता म्हणून गेली माणसं. पूल झाला की येत्याल."

"ते मला लिहिता येत नाही हो." त्याला खरंच वाईट वाटलं असावं. "लाभार्थी दाखवावे लागतात. शून्य लिहिलं की प्रस्ताव वर जातच नाही."

"मग माझं लिही. मी जाते पलीकडं राहायला."

तो हसला. त्याला वाटलं, म्हातारी चेष्टा करते. लिहून घेतलं त्यानं, पण माझं नाव नाही. चहाचा कप स्वतः विसळून ठेवला आणि गेला.

त्या रविवारी अक्कांना मी म्हटलं, मोजमाप झालं. हे खरं होतं. बाकीचं सांगितलं नाही.

मग जोराचे पाऊस झाले. बंधारा भरला, पाणी मागं तुंबलं. शेवटचा म्हातारा, म्हणजे तो पोहणारा गडी, गेला आणि काईल ढकलणारंही कुणी उरलं नाही. काईल या काठाला पालथी पडली आहे, तिच्याखाली कुत्री व्याली.

परवाच्या रविवारी फोन आला. पाऊसपाणी झालं, म्हशीचं झालं. मी पुढच्या प्रश्नाची तयारी करून बसले होते. या वेळी सळया उतरल्या म्हणून सांगणार होते.

"ऐक," अक्का म्हणाल्या, "आमच्या घराची चौकट सागवानी हाय. तुझ्या दिरानं हौसेनं आणलेली. वाळवी लागायच्या आत काढून ने. तुझ्या गोठ्याला बसंल."

"असू द्या की अक्का. तुमाला लागंल, आल्यावर."

"काढून ने म्हणती न्हवं?"

त्यांनी पुलाचं विचारलं नाही. मी सळयांचं सांगितलं नाही. फोनच्या पलीकडं टीव्ही चालू होता, कुणाचं तरी भाषण होतं.

"बरं," मी म्हटलं. "आणते."

फोन ठेवून मी ओढ्यावर गेले. पाणी काठोकाठ होतं. पलीकडं त्यांचं घर दिसत होतं, दार, दाराची चौकट, सगळं. आणता येण्यासारखं काहीच नव्हतं. संक्रांतीपर्यंत तरी नाही.